कोडं घालणाऱ्याचं देणं

कोडं रचणं म्हणजे समोरच्याची दिशाभूल करायची तयारी करणं. गोड शब्दांत कितीही सांगितलं तरी गोष्ट तीच राहते. मला उत्तर माहीत असतं, तुम्हाला नसतं, आणि मी ते मुद्दाम दडवून ठेवते. तेवढ्यावर थांबतही नाही. तुमची नजर भलतीकडं जावी म्हणून वाक्यात एखादा शब्द पेरते, एखादा आकडा उगाच ठेवते. जमिनीच्या व्यवहारात कुणी हेच केलं तर आपण त्याला लबाड म्हणतो, आणि वेळ आली तर पोलीस ठाणं गाठतो. मग कोडं घालणाऱ्याला हुशार का म्हणतो?

पूर्वी हा प्रश्न मला नुसता गमतीचा वाटायचा. कोडी सोडवायचा नाद लहानपणापासूनचा, रचायचा गेल्या आठ-नऊ वर्षांतला. धाराशिवच्या एका अभ्यासिकेच्या फळ्यावर दर बुधवारी मी एक कोडं लिहिते, तिथं स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. गेल्या वर्षी मात्र या प्रश्नाला पैशाचं वजन आलं. ते पुढं येईलच. आधी एक साधं कोडं घेऊ, म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते कळेल.

हे मी आजोबांकडून ऐकलं. एका व्यापाऱ्याकडं मणाचा, म्हणजे चाळीस शेरांचा, दगड होता. तोलताना तो हातातून निसटला आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी रडायचा तर उलट हसायला लागला. कारण त्या चार तुकड्यांनी त्याला एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कुठलंही पूर्ण वजन तोलता येत होतं. तर तुकडे किती-किती शेरांचे?

बहुतेक जण दुपटीनं जातात. एक, दोन, चार, आठ. बेरीज पंधरा. गाडी तिथंच अडते. सोळाचा पाचवा तुकडा घेतला तरी एकतीसच होतात. मग माणूस चिडतो, कोडंच चुकीचं आहे म्हणतो, आणि आजोबा पान लावत बसलेले असतात. उत्तर आहे एक, तीन, नऊ आणि सत्तावीस. दोन शेर ज्वारी तोलायची तर एका पारड्यात तीनचा दगड आणि दुसऱ्या पारड्यात ज्वारीसोबत एकचा. पाच तोलायचे तर इकडं नऊ, तिकडं ज्वारीच्या जोडीला तीन आणि एक. वजन दोन्ही पारड्यांत टाकता येतं, एवढीच खोच. हेच कोडं फ्रान्समध्ये बाशे नावाच्या गणितीनं १६१२ साली छापलेल्या पुस्तकात आहे, आणि तिथंही आकडा चाळीसच.

आता इथं लपवलं काय होतं? तराजूला दोन पारडी असतात, हे काही गुपित नाही. आठवडी बाजारात पासंग काढताना, म्हणजे हलक्या पारड्यात खडा ठेवून तराजू सरळ करताना, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आजोबांनी ‘वजन एकाच पारड्यात टाकायचं’ असं म्हटलं नव्हतं. ते आपणच आपल्याला सांगितलं. उत्तर कळल्यावर माणूस कपाळावर हात मारतो आणि म्हणतो, अरे, हे तर समोरच होतं. जमिनीच्या व्यवहारात फसलेला माणूस असं म्हणत नाही. तो म्हणतो, मला सांगितलंच नव्हतं. दोन्हीकडं डोळ्यावर पट्टी आहे, पण एकीकडं ती आपणच बांधलेली असते आणि सोडायची गाठही आपल्याच हातात असते.

आपल्या भाषेनं हा फरक आधीच करून ठेवलाय. कोडं घालतात आणि सोडवतात. सोडवायची ती गाठ, भांडण, किंवा अडकलेलं माणूस. ‘कोड्यात पाडणं’ ही मात्र वेगळी क्रिया आहे, तिथं कुणीतरी ढकललेलं असतं. ‘घाल की एखादं कोडं’ असं माणूस स्वतः म्हणतो. ‘मला कोड्यात पाड’ असं कुणी म्हणत नाही.

या मापानं पाहिलं तर व्हॉट्सअॅपवर ‘फक्त एक टक्का लोक सोडवू शकतात’ म्हणून फिरणारं बरंचसं काही कोडं नसतंच. २०१९ साली ८÷२(२+२) हे जगभर फिरलं. अर्धी जनता म्हणाली सोळा, अर्धी म्हणाली एक, आणि लोक एकमेकांची शाळा काढू लागले. तिथं लपलेलं काहीच नाही. लिहिण्याची पद्धतच दोन अर्थांची आहे आणि लिहिणाऱ्याला ते माहीत आहे. त्याला उत्तर नको होतं, कमेंटी हव्या होत्या.

भास्कराचार्यांचा सूर याच्या अगदी उलटा. ११५० सालच्या लीलावतीत गणितं एका मुलीला उद्देशून घातली आहेत, अशी लाडानं हाक मारून. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा एका झाडावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्या झाडावर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्या झाडावर, आणि एक भुंगा हवेतच घुटमळत राहिला. थवा किती भुंग्यांचा? पंधरा. करून बघा, अवघड नाही. मला यात गणितापेक्षा बसण्याची जागा आवडते. घालणारा समोर छडी घेऊन उभा नाही, शेजारी बसलाय. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. घरातली परंपरा दगडावर कोरून ठेवावी इतकी मोलाची वाटली त्या लोकांना.

आणि मग असं एक कोडं आहे, जे कुणी घातलेलंच नव्हतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९०५ सालचे, जन्म डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं पारितोषिक मिळवलं, आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठातली खोली नाही. आकड्यांशी खेळायचं आणि सापडेल ते छापायचं, पुष्कळदा पदरमोड करून. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक गोष्ट मांडली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. तुम्ही कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर पोचता, आणि तिथून हलत नाही.

आपल्याच जिल्ह्याची वर्षं घेऊ. १९९३, भूकंपाचं. ९९३१ वजा १३९९ बरोबर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. दोनच पायऱ्या. २०२३, उस्मानाबादचं धाराशिव झालं ते. ३२२० वजा ०२२३ बरोबर २९९७, पुढं ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. सहा पायऱ्या. मोबाइलचं कॅल्क्युलेटर काढून तुमचं जन्मवर्ष टाकून बघा, मी थांबते.

हे जादूसारखं वाटतं, पण आत डोकावलं की थोडं कळतं. मोठ्यातून लहान वजा करताना उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं: सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिला फरक गुणिले ९९९, अधिक दुसरा गुणिले ९०. अशा जोड्या मांडून बघितल्या तर फक्त ५४ निघतात. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ पेट्यांत जाऊन पडतात. पुढचं काम ५४ पेट्या कुठं जातात ते बघायचं. तरीही ‘बाकी सगळं सोडून ६१७४च का’ याला मनाचं समाधान होईल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तपासून खात्री होते, कारण कळल्यासारखं वाटत नाही.

कापरेकरांचं हे काम अनेकांना पोरखेळ वाटलं. जगभर नाव झालं ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्यांनी स्वतःच्या गावाचं नाव संख्यांना दिलं, देवळाली संख्या. हे मला फार आवडतं. कुणी उद्या धाराशिव संख्या काढल्या तर मी पेढे वाटीन.

‘पण याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आमच्याकडं जरा जोरात विचारला जातो आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही. टँकर आला का, सोयाबीनला भाव काय, या प्रश्नांच्या शेजारी ६१७४ ठेवलं की ते हलकं पडतंच. कोडी सोडवली की बुद्धीला धार येते आणि ती धार मग आयुष्यात कामी येते, हे उत्तर मी देत नाही. मला ते पटत नाही. कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात तरबेज होतो, एवढंच मी पाहिलंय. उलट एक धोका पाहिलाय. कोड्याला उत्तर आहे हे आधीच ठरलेलं असतं आणि ते कुणाला तरी माहीत असतं. विहिरीला पाणी लागत नाही, हे कोडं नाही. ते कुणी घातलेलं नाही आणि त्याला उत्तर असेलच अशी हमी नाही. कोड्यांची सवय लागलेलं डोकं अशा वेळी उत्तर माहीत असणारा माणूस शोधत बसतं, आणि असा माणूस असल्याचं नाटक करणारे भरपूर भेटतात.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका शहरातल्या क्लासकडून फोन आला. माझी फळ्यावरची कोडी कुणीतरी फोटो काढून पाठवली होती. बुद्धिमत्ता चाचणीचे तीनशे प्रश्न हवे होते, प्रश्नाला साठ रुपये. अठरा हजार. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही. बोलणारे गृहस्थ सभ्य होते, ताई-ताई करत होते. दोन संच करायचे होते. पहिला मोफत चाचणीचा, तो असा पाहिजे की दिलेल्या वेळेत चाळीस टक्केही जमू नयेत. ‘पोराला वाटलं पाहिजे ताई, की आपल्याला काहीच येत नाही.’ त्या चाचणीच्या निकालाखाली कोर्सची जाहिरात, आठवडाभराची सवलत. दुसरा संच कोर्स संपल्यावरचा, तो सोपा. म्हणजे प्रगती दिसते.

मी म्हटलं, विचार करून कळवते. आणि खरंच विचार केला, कारण इथं माझी सगळी मांडणी कोसळत होती. त्या पहिल्या संचातला प्रत्येक प्रश्न मी प्रामाणिक रचला असता. सगळी माहिती दिलेली, उत्तर एकच, खोच समोरच. आजोबांच्या कोड्याइतकाच स्वच्छ. तीनशे खऱ्या कोड्यांची मिळून एक खोटी गोष्ट होत होती. म्हणजे प्रश्नात सगळं समोर ठेवलं की कोडं घालणाऱ्याची जबाबदारी संपते, हे माझं माप अपुरं होतं. त्या पोरांपासून उत्तर लपवलेलं नव्हतं, हेतू लपवलेला होता. ते डोकं चालवायला तयार होऊन बसणार, आणि पलीकडं ठरलेलं की त्यांनी हरायचं. कोडं घालणाऱ्याला समोरचा सुटावा असं कुठंतरी वाटत असतं. लवकर सुटू नये, पण सुटावा. पान लावता-लावता आजोबा तिरक्या नजरेनं बघायचे ते याचसाठी.

माझा भाऊ व्यवहारी आहे. तो म्हणाला, ‘तू नाही केलंस तर दुसरा कोणीतरी करंल. अन् आयोग तरी वेगळं काय करतो? तिथं बी शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी हरायचं ठरलेलंच असतंय की.’

पहिल्या वाक्याला फारसा अर्थ नाही, ते कुठल्याही गोष्टीबद्दल म्हणता येतं. दुसऱ्यानं मात्र मला दोन दिवस झोपू दिलं नाही. परीक्षेतला प्रश्न आणि क्लासच्या संचातला प्रश्न शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. दोघांनाही बहुतेक जण गळायलाच हवेत. फरक मला एवढा दिसतो की परीक्षा आपलं पारडं उघड ठेवते. जागा किती ते जाहिरातीत छापलेलं असतं, चुकीच्या उत्तराला किती गुण कापणार तेही.

त्यातही एक मजा आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीला एकचतुर्थांश गुण कापतात. चार पर्यायांतला डोळे मिटून एक निवडला, असं सोळा प्रश्नांत केलं, तर सरासरी चार बरोबर येणार, बारा चुकणार. चारांची कमाई, बारांचे तीन प्रश्नांइतके गुण गेले, हातात एका प्रश्नाचे गुण उरले. केंद्राच्या परीक्षेत एकतृतीयांश कापतात, तिथं हाच हिशेब शून्यावर येतो. म्हणजे एक नियम अंदाज मारणाऱ्याला किंचित शाबासकी देतो, दुसरा ना देतो ना मारतो. पण हे गणित कुणालाही करता येतं, आधी. क्लासच्या संचाचं गणित पोराला कधीच करता आलं नसतं.

तरी भावाचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. उघडपणे सांगून बांधलेली भिंत ही भिंतच असते. अभ्यासिकेत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलं-मुली आहेत, ज्यांना आता कोडं दिसलं की आधी घड्याळ दिसतं. कुठला पर्याय उडवता येतो ते आधी बघतात. बुधवारच्या कोड्याला पर्याय नसतात, म्हणून सुरुवातीला त्यांना ते अपुरं वाटायचं. ‘मॅडम, ऑप्शन लिहायचे राहिले.’ कोड्यानं गळती करायचीच तर निदान ती ओळखीपाळखीपेक्षा बरी, हे मी मानते. मामाचा फोन लागत नाही म्हणून आकृत्यांची मालिका अडत नाही. पण त्यासाठी एका चांगल्या खेळाला आपण रखवालदार करून दारात उभं केलंय, आणि रखवालदाराशी कुणी खेळत नाही.

परीक्षा घेणाऱ्याचं काय देणं लागतं, याची एक जुनी गोष्ट आमच्या जिल्ह्यातलीच आहे. तेरला संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना सांगितलं, तुम्ही कुंभार, यातली मडकी कुठली पक्की, कुठली कच्ची ते बघा. गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले, नामदेवांना राग आला, आणि मडकं कच्चं ठरलं. लहानपणी मला नामदेवांचीच बाजू पटायची. न विचारता डोक्यात मारायचं आणि ओरडलं की नापास? ना अभ्यासक्रम सांगितला, ना संमती घेतली. माझ्या मापानं ही अत्यंत अन्यायाची परीक्षा.

आज वेगळंच दिसतं. गोष्ट तिथं संपत नाही. नामदेव विसोबा खेचरांकडं जातात, शिकतात, आणि पुढं जे झाले ते सगळ्यांना माहीत आहे. ‘कच्चं’ हा कुंभाराच्या तोंडचा शब्द आहे. कुंभार कच्चं मडकं फेकत नाही, भट्टीत घालतो. त्या वाड्यात नामदेवांना कमी लेखून कुणाचा काही फायदा होणार नव्हता. क्लासच्या गृहस्थांनाही पोरं कच्चीच ठरवायची होती, फक्त भट्टी त्यांच्या मालकीची होती आणि मडकं खरंच कच्चं आहे की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आयोगाचं आणखी तिसरंच. तिथं कच्चं ठरल्यावर पुन्हा भाजून घ्यायची मुभा आहे, पण वयाची अट संपेपर्यंत.

मी गृहस्थांना फोन करून सांगितलं की एकच संच देते, प्रत्येक प्रश्नावर सोपा, मध्यम, अवघड असं लिहून, आणि पोरांना ते दिसलं पाहिजे. ते हसले, म्हणाले, ‘मग कोर्स कोण घेईल ताई?’ त्यांचा पुन्हा फोन आला नाही. अठरा हजार गेले ते गेलेच. त्याबद्दल मला छान वगैरे वाटत नाही. ते प्रश्न दुसऱ्या कुणीतरी केले असणार आणि ती चाचणी कदाचित माझ्याच अभ्यासिकेतल्या कुणीतरी दिली असणार.

मध्यंतरी फळ्यावर मणाचं कोडं लिहिलं होतं. तीन दिवस कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीनं उत्तर आणलं, आणि शिवाय विचारलं, ‘पाच तुकडे झाले असते तर पाचवा एक्क्याऐंशीचा, बेरीज एकशे एकवीस. मग मण एकशे एकवीस शेरांचा का नाही ठेवला?’ मी म्हटलं, तेवढा दगड उचलणार कोण.

पुढच्या बुधवारी मी पोचण्याआधीच फळ्यावर तिच्या अक्षरात कोडं होतं. पर्याय नव्हते. तेच चार तुकडे, एक, तीन, नऊ, सत्तावीस. पण तराजू खोटा आहे. रिकामा असतानाच त्याचं एक पारडं जड आहे. किती ते माहीत नाही, पण पूर्ण शेरांतच आणि चाळीसच्या आत. पासंगाला दुसरा खडा नाही. तर या तराजूवर एक शेरापासून किती शेरांपर्यंत खरं माप देता येईल?

मला दोन रात्री लागल्या. उत्तर चाळीसपेक्षा जास्त येतं, एवढंच सांगते.